त्रिपुरासुराला वर कोणी दिला?

दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन रांजणगावला गेलो होतो. आम्ही शिरूरचे, त्यामुळे महागणपती म्हणजे घरचाच देव. दर्शनाच्या रांगेत त्याने विचारलं, "मामा, त्या त्रिपुरासुराची पॉवर काय होती?"

लहानपणापासून ऐकत आलो तेच मी सांगितलं. असुर माजला, देवांना छळू लागला, शंकरालाही आवरेना. मग शंकराने इथे गणपतीची आराधना केली आणि एका बाणात त्याचा नाश केला.

"हे त्याने काय केलं ते झालं. पण तो तसा झाला कशामुळे? मॅग्नेटोला कशी बॅकस्टोरी आहे!"

मी गप्प झालो. रागही आला, पण तो भाच्याचा नव्हे, माझ्यासारख्या सांगणाऱ्यांचा.

आपल्याकडे एक मत फार ऐकू येतं. पुराणातले असुर म्हणे सपाट, काळेकुट्ट. खलनायकाकडे माणूस म्हणून बघायला आपल्याला कॉमिक्सने शिकवलं. माझे चांगले वाचते मित्रही हे बोलतात. मग मॅग्नेटोच घेऊ. १९६३ साली एक्स-मेनच्या पहिल्या अंकात तो आला, तेव्हा चुंबकशक्ती आणि जग जिंकायची हाव एवढंच त्याचं भांडवल होतं. ऑशविट्झच्या छळछावणीतलं त्याचं बालपण क्रिस क्लेअरमाँट यांनी लिहिलं ते १९८१ साली. उत्तम काम केलं त्यांनी. पण शक्ती आधी आली आणि दुःख अठरा वर्षांनी. गणेशपुराणाच्या कर्त्याला एवढं थांबावं लागलं नव्हतं.

त्याने त्रिपुरासुराची गोष्ट आजीपासून सुरू केली आहे. मुकुंदा ही ऋषिपत्नी. रुक्मांगद राजाचं रूप घेऊन इंद्र तिच्याकडे येतो आणि गृत्समद जन्मतो. मुलगा विद्वान होतो, मगधाच्या राजाकडे जमलेल्या ऋषींमध्ये जाऊन बसतो आणि तिथे चारचौघांत त्याचा बाप काढला जातो. पेटलेला मुलगा घरी येऊन आईलाच शाप देतो, तू काटेरी बोर होशील. आई उलट शाप देते, तुझ्या पोटी भयंकर दैत्य येईल. तो दैत्य हा त्रिपुरासुर. फसवणारा इंद्र मात्र स्वर्गात सुखरूप. जन्मावरून माणसाला उठवणारी ती सभा नसती, तर हा शापही नसता. ही एवढी मोठी गोष्ट आपल्या सांगण्यातून कोणी गाळली? कॉमिक्सवाल्यांनी नक्कीच नाही.

आता पॉवर. बापाने दिलेला मंत्र गणपतीचा. तप गणपतीचं. शंकराखेरीज कोणी मारू शकणार नाही, हा वर गणपतीचा. लोखंड, रुपं आणि सोनं यांची तीन पुरंही त्याच्याचकडून मिळालेली. शंकर हरतो तेव्हा जिंकायचा उपायही गणपतीकडेच मागावा लागतो. ज्या मूर्तीपुढे भाचा हात जोडून उभा राहणार होता, त्याच देवाने असुर मोठा केला आणि त्यानेच त्याच्या मरणाची वाट दाखवली. पुराणकार हे लपवत नाही. लपवतो आपण. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटवताना असुर मेला एवढंच आपल्या लक्षात असतं.

शेजारच्या दौंड तालुक्यातही वेगळं नाही. शिरापूरला भीमा ओलांडली की पलीकडे, कर्जत तालुक्यात, सिद्धटेक. पूल नव्हता तेव्हा माणसं नावेने जायची. तिथल्या कथेत मधु आणि कैटभ हे असुर. ते जन्मले विष्णूच्या कानातल्या मळातून, तेही विष्णू झोपलेला असताना. राखणदार झोपला आणि त्याच्याच मळातून संकट उभं राहिलं! ते त्यालाच आवरेना, म्हणून सिद्धटेकला येऊन गणपतीला शरण जावं लागलं.

कॉमिक्स विचारतं, याच्या मनाला काय लागलं होतं? मॅग्नेटो तर जन्मतःच म्युटंट. त्याला शक्ती कोणी दिली, हा प्रश्न तिथे उरतच नाही. पुराण दोन्ही विचारतं. अपमान गृत्समदाचा झाला, पण तप करून तो ऋषी झाला. महाडचा वरदविनायक त्यानेच स्थापला असं मानतात. सत्ता हाती आली त्याच्या मुलाच्या, आणि माजला तोच. दुःखाने माणूस कडवट होईल; तीन पुरं मिळायला मात्र देणारा लागतो.

हे मला जुन्या गोष्टीसाठी भांडायचंय म्हणून सांगत नाही. घोड आणि भीमेच्या पात्रांतून रातोरात वाळू उपसली जाते. काल सायकलवर फिरणारा एखादा पोरगा आज चार गाड्यांच्या ताफ्यात फिरतो. टपरीवर चर्चा होते ती त्याच्या माजाची, फार तर त्याच्या बापाच्या दारूची. डंपर कोणाच्या होकाराने पुढे गेला आणि त्या रात्री झोपलं कोण होतं, हे कोणी विचारत नाही. विचारणार कसं? वर देणाऱ्याचं नाव गाळायची सवय आपण पोरांना गोष्टी सांगतानाच लावली आहे.

म्हणून त्रिपुरासुर सांगायचाच, तर मुकुंदेपासून सांगा. इंद्राचं नाव घ्या, सभेचं घ्या, वर देणाऱ्याचंही घ्या. देवाचा त्यात अपमान होत नाही. त्याच्याच पुराणात ते लिहिलेलं आहे.

परतताना एसटीत भाच्याला सगळं सांगितलं. घोडनदीचा पूल येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? मग रांगेत ते दुसरंच का सांगितलंत?"