डोंगर शिकून चढावा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडकिडा यांबद्दल लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. पाठीवर बिऱ्हाड बांधून डोंगरात, रानावनात चार-आठ दिवस सुखरूप कसे राहावे, याचे रीतसर शिक्षण आपल्या पोरापोरींना मिळावे आणि त्यासाठी कारखान्याने पुढाकार घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'उसाच्या माणसाला ही उठाठेव कशाला?' असे कोणी म्हणेल. म्हणून आधी कारणे मांडतो.

पोरं तर जातातच

पावसाळा लागला की गावोगावची पोरं शनिवारी रात्री मोटारसायकली काढतात. कोणी हरिश्चंद्रगडाला, कोणी कळसूबाईला. मोबाईलवर धबधब्याचा फोटो बघायचा, चार टाळकी जमवायची आणि निघायचं. पायात गुळगुळीत बूट, पाठीवर कॉलेजची बॅग, पाण्याची एक बाटली, आणि टॉर्च म्हणून तोच मोबाईल. बहुतेक वेळा सगळं निभावतं. पण एखाद्या दिवशी धुकं उतरतं, मघाशी ओलांडलेल्या ओढ्याला लोंढा येतो, मोबाईल बंद पडतो आणि रात्र होते. मग पायथ्याच्या वाडीतली माणसं दोर घेऊन वर चढतात. घरी आई-बाप जागे.

११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसाहून अधिक पदभ्रमण करणारी माणसे गेली. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बर्फाळ वाऱ्यात सापडलेल्या २२ जणांच्या गटातले ९ जण दगावले. त्यांच्यासोबत स्थानिक वाटाडे होते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटाड्याच्या मागून चालणं निराळं आणि स्वतःला कळणं निराळं. आम्ही शिक्षणाबद्दल बोलतो आहोत, सहलीबद्दल नव्हे.

तिथे शिकवतात तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे ओझं. सॅक भरायलाही शास्त्र आहे. जड सामान पाठीला चिकटून मध्यावर ठेवायचं, कमरेचा पट्टा आवळून भार खांद्यावरून कमरेवर घ्यायचा. आणि ओझं आपल्या वजनाच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ द्यायचं नाही. साठ किलोच्या गड्याला पंधरा किलो पुष्कळ झालं. घरून काय न्यायचं यापेक्षा काय ठेवून जायचं, हे शिकायला जास्त दिवस लागतात.

दुसरी गोष्ट नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर तपकिरी वाकड्यातिकड्या रेघा असतात. एका रेघेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीवर. म्हणजे आपला कंटूर बांधच की! ज्यानं माळरानावर समपातळी बांध घातलेले बघितलेत, त्याला हे समजायला अर्धा तास पुरतो. रेघा दाट तिथे चढ खडा, विरळ तिथे सपाटी. चालण्याचा हिशेबही ठरलेला आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. दहा किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास, त्यावर विसावा आणि ओझ्यापायी लागणारा वेळ वेगळा. हा हिशेब निघण्याआधी कागदावर केला तर अंधारात कडा उतरायची पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट थंडी. भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून डोंगरात लोकर किंवा लवकर वाळणारं कृत्रिम कापड वापरतात आणि एका जाड कपड्याऐवजी पातळ थर चढवतात. माणूस कुडकुडत असतो तोवर शरीर झुंजत असतं. कुडकुडणं थांबलं, बोलणं बोबडं झालं, पाय अडखळू लागला की जीवावरचं दुखणं. त्याला चालवत न्यायचं नाही. आडोसा करायचा, ओले कपडे काढायचे, कोरड्या पांघरुणात गुंडाळायचं. हे ज्याला ठाऊक आहे तो सोबत्याचा जीव वाचवतो. ज्याला ठाऊक नाही तो 'चल रे, थोडंच राहिलंय' म्हणतो.

हिमालयात याला उंचीची भर पडते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नेम आहे. अंगात रग कितीही असो, विरळ हवा पैलवानालाही सोडत नाही.

बाकी पाणी उकळून पिणं, वाऱ्याच्या आडोशाला चूल लावणं, तंबूला जागा निवडणं हे सगळं येतंच. शौचाला जायचं तर पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे मोठी सत्तर पावलं लांब, सहा ते आठ इंच खड्डा घ्यायचा आणि मातीनं बुजवायचा. कचरा परत आणायचा. खाली कोणाची तरी विहीर आहे, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागू नये.

इथे एक गोष्ट नमूद करतो. आपल्याकडे येणारी ऊसतोड कामगारांची टोळी दर हंगामात उघड्या माळावर कोपी उभी करते. पाण्याचा उतार बघून जागा धरते, वाऱ्याकडे पाठ करून दार ठेवते. ते त्यांनी पोटासाठी शिकलेलं आहे, हौसेनं नव्हे, आणि त्यांच्या हालांना साहस म्हणणं बरं दिसणार नाही. पण जाणकार आपल्या फडातच असतात आणि आपण त्यांना विचारत नाही, एवढं खरं.

शिक्षक हवाच का?

कृषी पदविका घेताना आम्ही पुस्तकात लागण वाचली. पण सरी धरायला शिकलो ते शेतावर, अंगावर ओरडणारा मास्तर शेजारी उभा असताना. डोंगराचंही तेच आहे.

१९४१ साली वेल्समधल्या अबरडोवी गावी कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. महायुद्धात जहाजे बुडत. तेव्हा लाइफबोटीत धडधाकट तरुण खलाशी हाय खाऊन मरत आणि मुरलेले वयस्क तग धरत, असा त्यांचा अनुभव होता. जे वयाने येते ते तरुणांना शिक्षणाने द्यावे, हा त्यामागचा विचार. पुढे १९६५ साली अमेरिकेत वायोमिंगमध्ये पॉल पेटझोल्ट यांनी महिनाभर रानात नेऊन शिकवणारी शाळा काढली. ते स्वतः आयडाहोतल्या शेतावर वाढलेले. त्यांची पद्धत आम्हांस फार पटते. आधी गुरुजी करून दाखवतात, मग मुलांकडून करून घेतात, आणि शेवटच्या दिवसांत मुलं छोटे गट करून आपली आपण वाट काढतात. प्रात्यक्षिक प्लॉट आम्ही याच रीतीने घेतो. पहिल्या वर्षी आमचा माणूस बांधावर, दुसऱ्या वर्षी शेतकरी स्वतः.

आपल्या देशातही सोय आहे. एव्हरेस्ट सर झाल्यावर १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि तेनसिंग तिथे शिकवू लागले. १९६५ साली उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट निघाली. तिथे पंधरवड्याचा साहस अभ्यासक्रम आणि सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रम असतो. प्राथमिक परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाल्याशिवाय पुढच्या वर्गात घेत नाहीत. जवळचं म्हणाल तर पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठलं आणि आज त्यांची शिक्षणसंस्थाही पुण्यात आहे.

शंका आणि उत्तरे

'हे जिवावरचे नाही का?' आहे. झाकून ठेवत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या याच संस्थेची तुकडी हिमप्रपातात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. गेलेल्यांत शिकाऊ होते तसे शिक्षकही होते. शिक्षणाने धोका शून्य होत नाही, कमी होतो. म्हणूनच आम्ही कोवळ्या पोरांना एकदम बर्फावर धाडा म्हणत नाही. सुरुवात सह्याद्रीतून, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत व्हावी.

'मुलींचे काय?' २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल उत्तरकाशीजवळच्या नाकुरी या खेड्यातल्या. शिकल्या त्या उत्तरकाशीच्याच संस्थेत. आपल्या पोरी भर उन्हात खुरपतात, डोक्यावर वैरण आणतात. त्यांना चढ जड जाईल असे म्हणणाऱ्याने आधी एक भारा उचलून बघावा.

'शेतीला उपयोग काय?' ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि गावाने बायका-मुलं गमावली. त्या घडीला कोणाला दोष देता येत नाही. पाणी चढत होतं, जो तो जीव मुठीत धरून होता. डोंगरातल्या शिबिरात बोट चालवायला शिकवत नाहीत. पण माणसं मोजणं, आधी कोण, मग कोण हे ठरवणं, घाई झाली तरी 'थांबा' म्हणणं आणि दुसऱ्याने म्हटलेलं ऐकणं, याचा सराव तिथे रोज होतो. अशी दहा पोरं गावात असली तर पुराच्या रात्री गावाला आधार होईल.

आमची सूचना

एक, दरवर्षी प्रत्येक गटातून सभासदांची दोन मुले व दोन मुली निवडून सह्याद्रीत चार-पाच दिवसांच्या शिक्षणास पाठवाव्यात. आयोजक पर्यटन खात्याकडे नोंदलेला आहे ना, हे कारखान्याने स्वतः तपासावे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ही नोंदणी सांगितली आहे. दोन, त्यांतले जे चांगले निघतील त्यांना गळीत संपल्यावर, मे महिन्याच्या सुमारास उत्तरकाशीच्या वर्गाला पाठवावे. निम्मा खर्च कारखान्याने, निम्मा पालकांनी सोसावा. फुकट मिळालं की किंमत राहत नाही. तीन, परत आल्यावर त्यांनी गावच्या शाळेत दोन दिवस शिकवावे, ही अट लेखी असावी. चार, टोळ्यांतल्या मुकादमांची आणि कामगारांची पोरं यातून वगळू नयेत.

डोंगरात सर्वांत अवघड काय शिकवतात, तर शिखर डोळ्यांसमोर असताना वेळ संपली म्हणून माघारी फिरणे. मागे वळणारा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकतो. ही अक्कल गावात यावी, यासाठी एवढा खटाटोप.

या सूचनेवर वार्षिक सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी. अनुकूल असो वा प्रतिकूल, सभासदांनी आपले मत गट ऑफिसात किंवा चिटबॉयजवळ लेखी द्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी