फेटा कुणाचा, कुंकू कुणाचे?

लग्नसराईत कोल्हापुरातील कोणत्याही मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहावे, फेटे बांधणारा माणूस दिसतोच. आठ-साडेआठ मीटर कापड, सरसर पडणारे पीळ, वर तुरा, मागे शेमला. पाहुण्याने फक्त डोके पुढे करायचे. तो वराकडचा की वधूकडचा, गावातला की नोकरीनिमित्त परराज्यातून आलेला, जातीचा कोण, हे फेटेवाला विचारत नाही. अलीकडे मुली आणि त्यांच्या आयाही त्याच रांगेत असतात. हे मानाचे वस्त्र एके काळी दरबारातून माणूस पाहून दिले जाई, असे सांगितले तर नव्या पिढीला गंमतच वाटेल.

अंगावर काय घालायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, ही कल्पना तशी फार जुनी नाही, आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडचीही नाही. स्कॉटलंडमध्ये चौकडीच्या लोकरी कापडाला टार्टन म्हणतात. घराण्यागणिक चौकडी वेगळी. त्यातली लाल रंगाची ‘रॉयल स्टुअर्ट’ ही राजघराण्याची मानली जाते, आणि ती सामान्य माणसाने वापरावी की नाही यावर तिकडे आजही हिरिरीने वाद होतात. वस्तुतः कायद्याची आडकाठी काहीच नाही. बिस्किटांच्या डब्यापासून शाळेच्या दप्तरापर्यंत ही चौकडी जगभर पोहोचली आहे. खरा अपवाद ‘बाल्मोरल’ या करड्या चौकडीचा. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ती १८५३च्या सुमारास तयार केली असे मानतात. ती राजघराण्यातील माणसे आणि राजाचा बॅगपाइपवादक एवढेच वापरतात. तेही संकेताने.

पण याच कापडाचा आधीचा इतिहास अधिक बोलका आहे. स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेले बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांच्या या पोशाखावरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी. सूट फक्त सरकारी सैन्यातील शिपायांना! १७८२मध्ये बंदी उठली आणि १८२२मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज तोच पोशाख करून एडिंबरात मिरवला. बंडखोराचे कापड राजाचे झाले. त्यानंतर ते कुणी घालावे याचे नियम सांगणारे निघाले, हा त्यातला विनोद.

आपल्या संस्थानी मुलखातही मानाच्या खुणा ठरलेल्या असत. अब्दागिरी, चवरी, शिरपेच या हौसेच्या वस्तू नव्हत्या. सोने म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालू नये, राजघराण्याची गोष्ट वेगळी, हे तर आपल्या आज्यांनी सांगितलेले. राजपुतान्यात पायात सोने घालण्याचा मान दरबाराकडून मिळवावा लागे. १९७१च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही दसऱ्याचा थाट अजूनही असतो, पण तो पाहायला आलेल्याच्या डोक्यावर काय असावे हे कुणी ठरवत नाही.

फेटा दरबारातून बाहेर कसा आला, याची एक आठवण मात्र इथे सांगितलीच पाहिजे. मार्च १९२०मध्ये कागल जहागिरीतील माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. आंबेडकर आणि व्यासपीठावर शाहू महाराज. महाराजांनी बाबासाहेबांचा मानाचा जरीचा फेटा देऊन गौरव केला, असे कोल्हापुरात आजही सांगतात. ज्या महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असे त्यांच्याच पुरोहितांनी सुनावले होते, त्यांना अशा मानाचे वजन पुरते माहीत होते.

मान असा वरून खाली झिरपतो. त्यात हौस असते, बाजार असतो, आणि चार पैसे मिळत असले की कोणतीही चौकडी, कोणताही तुरा सर्वांचा होतो. मनाईचे तसे नाही. ती कुणी विकत घेत नाही, म्हणून ती आपोआप विरत नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारे ते जड दागिने टाकून द्या. लुगडे तेच, प्रश्न फक्त नेसण्याच्या रीतीचा होता. पण त्या रीतीवरून जात कळत होती आणि ती कळावी अशीच व्यवस्था होती.

आणि जातीच्या पलीकडची एक मनाई घरोघर आहे. नवरा गेला की बाईचे कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, जोडवी जातात. शाहू महाराजांनी १९१७मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांची अल्पवयीन सून इंदुमती विधवा झाली, तेव्हा टीका सोसून त्यांनी तिच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली. तरीही बांगड्या फोडणे थांबले नाही. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२मध्ये, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कोरोनात तरुण बायका विधवा झाल्याचे दुःख गावोगाव ताजे होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारे परिपत्रक काढले. पाठोपाठ ठराव करणाऱ्या गावांत तेच, १९२०च्या परिषदेचे, माणगावही होते.

परिपत्रकात शिक्षा नाही, आणि माझ्या मते ते बरेच झाले. कुंकू पुसायला पुढे येणारा हात बहुधा घरातलाच असतो, बाईचाच असतो, आणि तिच्याही कपाळाचे कुंकू कधीतरी असेच पुसले गेलेले असते. तिला पोलिसांत खेचून काय साधणार? तो हात ग्रामसेवकाला धरता येत नाही. शेजारी उभ्या जावेला, नणंदेला धरता येतो.

संक्रांत आली की हळदीकुंकवाच्या बोलावण्यांना सुरुवात होते. गल्लीतल्या कोणत्या घरी निरोप धाडायचा आणि कोणते घर वगळायचे, हे अजून घरातली थोरली बाईच ठरवते.