विभक्त होताना : पोटगी, दागिने आणि घराचे कर्ज

नामपल्लीला आपण बहुतेक जण नुमाइशीच्या निमित्ताने जातो. त्याच भागात फौजदारी न्यायालये आहेत आणि नवरा-बायकोच्या भांडणाच्या फायली तिथेही पोहोचतात. घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे विषय कौटुंबिक न्यायालयाकडे असतात. कायद्याची बाजू वकील सांभाळतातच. आम्ही नोकरीची सगळी वर्षे बँकेत काढली, म्हणून इथे प्रामुख्याने पैशांविषयी लिहितो आहोत. सांगायचे आहे ते एवढेच : न्यायालयाच्या निकालाने लग्न संपते, पण बँकेतले कागद आपोआप बदलत नाहीत. ते आपणच आणि वेळेत बदलून घ्यावे लागतात.

पोटगीपासून सुरुवात करू. आज देशभर ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो नागपूरच्या एका कुटुंबाचा आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये पत्नीने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. पतीने उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि नंतर सर्वोच्च न्यायालय गाठले. अंतिम निर्णय आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नुसत्या अंतरिम पोटगीच्या वादाला सात वर्षे गेली.

या निकालाने, म्हणजे ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणाने, तीन गोष्टी पक्क्या केल्या. दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. पत्नी शिकलेली किंवा कमावती आहे, एवढ्याच कारणाने तिला पोटगी नाकारायची नाही. आपल्याकडे दोघेही आयटीत असलेली जोडपी पुष्कळ आहेत, त्यांनी ही तिसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. जुन्या लेखांत जुना आकडा दिसला तर गोंधळू नये.

दुसरा विषय दागिन्यांचा, आणि इथे प्रकरण तेलंगणातलेच आहे. एका वडिलांनी मुलीच्या लग्नात सोने दिले. मुलगी अमेरिकेत गेली, २०१६ मध्ये तिथेच घटस्फोट झाला आणि पुढे तिने दुसरे लग्नही केले. त्यानंतर २०२१ मध्ये वडिलांनी पूर्वीच्या सासरच्या मंडळींवर दागिने परत न दिल्याची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ती रद्द केली. स्त्रीधन हे फक्त त्या स्त्रीचे. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, आणि तिने अधिकार दिलेला नसेल तर वडीलही तिच्या वतीने ते मागू शकत नाहीत. आपण आईवडील ‘आमचे सोने’ म्हणतो, तेव्हा हे आठवावे. दागिन्यांची यादी, पावत्या आणि फोटो मुलीच्या स्वतःच्या हातात असावेत. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर तो कोण उघडू शकतो, हेही पाहून ठेवावे.

तिसरा आणि सर्वांत अडचणीचा विषय म्हणजे फ्लॅट. अनेकांचा समज असतो की घटस्फोटात घर निम्मे-निम्मे होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते. आपल्याकडे तसे नाही. खरेदीखतावर नाव कोणाचे आणि पैसे कोणी भरले, यावर वाद होतो.

कर्जाचे गणित आणखी वेगळे. हप्ता यापुढे नवरा भरेल असे दोघांनी ठरवले आणि न्यायालयाने ते नोंदवून घेतले, तरी बँकेच्या लेखी दोघेही पूर्ण रकमेचे देणेकरी राहतात. हप्ता थकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर बिघडतो. पुढे मुलगी नव्या घरासाठी कर्ज मागायला जाते, तेव्हा जुने कर्ज तिच्या नावावर दिसते. यातून सुटायला दोन सरळ वाटा आहेत. घर विकून कर्ज फेडावे किंवा एकाने घर ठेवून दुसऱ्याचे नाव कर्जातून कमी करून घ्यावे. दुसरी वाट बँकेच्या संमतीनेच चालते. एकट्याच्या पगारावर कर्ज बसते का, हे बँक पाहणार. घरातला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत दस्तही लागतो.

नॉमिनीचेही तसेच. ठेवी, विमा, म्युच्युअल फंड यांवरचे जोडीदाराचे नाव निकालाच्या दिवशी आपोआप निघून जात नाही, प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, तेव्हा मुलांची नावे घालणे सोपे झाले आहे. प्राप्तिकराचाही विचार करावा. दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न धरली जाते, तर एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानून ती करपात्र धरली जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८० च्या दशकातल्या निकालापासून हा फरक चालत आला आहे.

हे सगळे करायचे केव्हा? परस्परसंमतीच्या घटस्फोटात एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो आणि पुढे सहा महिन्यांची मुदत असते. योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण मुदत मिळाली तर ती कागदांसाठी वापरावी. संमतीच्या अटींत कर्ज, ठेवी, दागिने, मुलांची फी आणि विमा यांचा एकेक करून उल्लेख असावा. ‘सर्व देणे-घेणे मिटले’ असे एकच वाक्य लिहून सही करू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते.

शेवटी आपल्या वयाच्या सभासदांसाठी. मुलाच्या किंवा मुलीच्या घराला आपल्यापैकी अनेकांनी प्रॉव्हिडंट फंडातून हातभार लावला आहे. ती भेट होती की उसने, हे कुठेच लिहिलेले नसते आणि संसार मोडला की म्हातारपणची पुंजीही वादात अडकते. पैसे खात्यातूनच द्यावेत आणि कशासाठी दिले ते दोन ओळींत लिहून ठेवावे. असा कागद करण्यात अविश्वास नाही. संसार सुखाचा झाला तर तो कपाटात पडून राहील, आणि तसाच पडून राहावा ही आमची इच्छा.