शाळेला काच हवी की सावली?

आधुनिक शाळा म्हणजे काचेची शाळा, अशी समजूत आपल्या पांढरपेशा घरांत हल्ली पक्की बसली आहे. आमच्या उपनगरात एक नवी खाजगी शाळा निघते आहे. तिच्या इमारतीचे चित्र पालकांना दाखवले, तेव्हा नातवाखातर मीही गेलो होतो. चार मजले निळी काच, आत वातानुकूलन! "अगदी विमानतळासारखी दिसते हो," शेजारच्या बाई हरखून म्हणाल्या. मी मात्र नकाशाच्या कोपऱ्यातला दिशादर्शक बाण शोधत होतो. काचेची बाजू नेमकी पश्चिमेला निघाली.

वाचकहो, पश्चिमेचे ऊन तिरपे येते. ते वरच्या छज्ज्याला जुमानत नाही. काचेतून ऊन आत शिरते, बाके-भिंती तापतात, पण ती उष्णता काचेवाटे तितक्या सहज बाहेर पडत नाही. मग यंत्रे लावा, आणि त्यांचे बिल फीमध्ये भरा! फळा चकाकतो म्हणून पडदे, पडद्यांनी अंधार म्हणून भरदिवसा दिवे. अन् वीज गेली की मुले बंद पेटीत. सुदैवाने पाया अजून खणलेला नाही.

जैसलमेरजवळच्या कनोई गावची राजकुमारी रत्नावती कन्याशाळा पाहा. एका सेवाभावी संस्थेची ही शाळा २०२१ साली पुरी झाली. आराखडा न्यूयॉर्कच्या डायना केलॉग यांचा. उन्हाळ्यात पारा पन्नाशीकडे धावतो, तरी वातानुकूलन नाही. लंबवर्तुळाकार इमारत, मधे अंगण, तिथल्याच पिवळ्या दगडाच्या भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वारा खेळवणारी जाळी. गच्चीवरच्या सौर पट्ट्या वीज देतात आणि सावलीही. हिला जुनाट कोण म्हणेल?

अर्थात तो वाळवंटाचा हिशेब. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि ओल. इथे तीच इमारत उचलून आणणे म्हणजे पुन्हा नक्कलच. आपल्याला रुंद व्हरांडा हवा, समोरासमोर खिडक्या हव्यात, छताजवळ झरोके हवेत. पश्चिमेला जिने, कोठी, स्वच्छतागृहे न्यावीत. वर्ग उत्तरेला ठेवावेत. उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिताना वहीवर सावली पडत नाही. डावखुरी मुले कुरकुरतील म्हणता? त्यांच्यासाठी समोरची खिडकी आहेच की!