चार जीबी आणि आठ जीबी एकत्र नांदतील काय?

खामगाव-मलकापूरपासून मेहकर-देऊळगाव राजापर्यंत आपल्या जिल्ह्यातील व्यापारी घरांत संगणक बहुधा एकच असतो. दिवसा त्यावर टॅलीची खतावणी आणि जीएसटीची विवरणपत्रे, सायंकाळी मुलांचा अभ्यास, रात्री लग्नाच्या छायाचित्रांची निवड. मार्चअखेर जवळ आली की हा संगणक दमतो. दुरुस्ती करणारा येऊन सांगतो, "रॅम वाढवा." आत ४ जीबीची एक पट्टी असते, बाजारात ८ जीबीची मिळते, आणि मग प्रश्न उभा राहतो: जुनी ठेवून नवी शेजारी बसवावी, की जुनी काढून टाकून सारख्या वजनाची नवी जोडी घ्यावी? २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर कडाडले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळल्याचा तो परिणाम होय. त्यामुळे हा प्रश्न आता शे-दोनशे रुपयांचा राहिलेला नाही.

प्रथम एक खात्री करून घ्यावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील मेमरीच्या पानावर किती रॅम व्यापली आहे, तिचा वेग किती आणि किती स्लॉट भरलेले आहेत, हे सारे लिहिलेले असते. नेहमीचे काम चालू असताना व्याप सत्तर टक्क्यांच्या आतच असेल, तर दुखणे रॅमचे नव्हे. अशा वेळी जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवणे कितीतरी अधिक लाभाचे ठरते. बत्तीस बिटांची जुनी विंडोज असेल, तर ती ४ जीबीपलीकडची रॅम बहुधा वापरूच शकत नाही; तेथे नवी पट्टी म्हणजे कुलूपबंद कोठारात भरलेला माल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्या एकत्र चालतात. अडथळा आकाराचा नसून पिढीचा आहे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तिन्हींच्या कडेवरील खाच निरनिराळ्या जागी असते, कारण त्यांचा विद्युतदाबच वेगळा: अनुक्रमे दीड, १.२ आणि १.१ व्होल्ट. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. ती आपली नाही, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही मोठ्या संगणकात बसत नाही. मोठ्या शहरांतील जुन्या मालाच्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या डीडीआर-४ पट्ट्या कधी कधी नवलाईच्या स्वस्त दराने मिळतात. त्यांपैकी रजिस्टर्ड प्रकारच्या पट्ट्या घरच्या संगणकाच्या स्लॉटमध्ये बसतात खऱ्या, पण संगणक त्यांच्यावर सुरू होत नाही. तेव्हा स्वस्ताई पाहून भुलू नये.

पिढी जुळली की उरतो वेगाचा हिशेब. गोदामाला दोन दारे असली आणि दोन्ही दारांतून एकाच वेळी पोती बाहेर येऊ लागली, तर गाडी निम्म्या वेळात भरते. संगणकातही प्रोसेसर आणि रॅम यांच्यात बहुधा अशा दोन वाटा असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. २६६६ वेगाची डीडीआर-४ पट्टी एका वाटेने सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती वाहू शकते. दोन्ही वाटा चालल्या की बेचाळीस. आता एका दाराशी ४ जीबी आणि दुसऱ्याशी ८ जीबी असा माल असेल तर? बहुतेक आधुनिक यंत्रणा यावर व्यापाऱ्याच्या बुद्धीचा तोडगा काढतात. दोन्हीकडचे चार-चार, असे ८ जीबी दोन्ही वाटांनी चालतात आणि उरलेले ४ जीबी एकाच वाटेने. म्हणजे हानी होते ती शेवटच्या तुकड्यापुरती. खतावणी, पत्रव्यवहार आणि मुलांचे शिक्षण यांत ती जाणवतही नाही. खेळ खेळणाऱ्या तरुणास मात्र ती जाणवू शकेल. कारण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरील चित्रही याच रॅममधून उभे राहते.

मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर आणखी एक युक्ती आहे. जुन्या चार-चारच्या दोन पट्ट्या एका चॅनेलमध्ये आणि नवी आठची दुसऱ्यात बसवली, तर तराजूची दोन्ही पारडी समान होतात. कोणता स्लॉट कोणत्या चॅनेलचा, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण प्रत्येक कंपनीची रंगांची रीत वेगळी.

दोन पट्ट्यांचा वेग भिन्न असेल, तर दोघी धीम्या पट्टीच्या चालीने चालतात. नव्या ३२०० वेगाच्या पट्टीशेजारी जुनी २४०० ची असेल, तर २४०० हाच वेग मिळणार. जादा वेगासाठी दिलेले पैसे येथे फुकट जातात, म्हणून जुनीच्या जोडीला जुनीच्याच वेगाची, किंवा स्वस्त मिळत असेल तर थोडी अधिक वेगाची पट्टी घ्यावी.

एवढ्याने समाधान मानावे काय? माझे मत असे की आकाराची चिंता आपण गरजेहून अधिक करतो आणि पट्टीच्या शुद्धतेची फारच थोडी. ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी सूक्ष्म कोष असतात. प्रत्येकात विद्युतभाराचा एक थेंब, आणि तो सतत झिरपत असतो. म्हणून डीडीआर-४ पट्टीत साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी प्रत्येक कोष पुन्हा भरावा लागतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले, आणि १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या चिपमध्ये असे अवघे १,०२४ कोष होते. यांपैकी एखादा कोष सदोष निघाला तर संगणक नेहमीच बंद पडतो असे नाही. कधी तो मुकाट्याने चुकतो. द्विमान पद्धतीत मांडलेल्या १०० या आकड्यातील एकच बिट पालटला, तर तो ४,१९६ होऊ शकतो. असा आकडा डिस्कवर उतरला की बॅकअपमध्येही तोच जातो, आणि पुढे जुळवणीत फरक निघाला की माणूस दोष देतो मुनीमजींना.

म्हणून पट्टी बसवण्यापूर्वी टॅलीच्या डेटाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ती संगणकापासून दूर ठेवावी. संगणक बंद करून वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कोरड्या हिवाळ्यात लोकरी शालीवरून उठणारी ठिणगी पट्टी मारू शकते. तेव्हा आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पट्टी केवळ कडेने धरावी. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत रुईचे तंतू स्लॉटमध्ये शिरलेले असतात, ते मऊ ब्रशने झाडून घ्यावेत. पट्टी दाबताना दोन्ही टोकांच्या खुंट्यांचा 'टक्' असा आवाज यावा.

मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ही विंडोजमधीलच चाचणी चालवावी. मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासते, ती रात्रभर चालू ठेवली तरी चालते. एकही दोष दिसला तर पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. दोष कधी नवीत निघतो, कधी वर्षानुवर्षे निमूट काम करणाऱ्या जुनीत. नवीत निघाल्यास बदलून घेता यावी म्हणून बिल आणि वेष्टन जपून ठेवावे. आणि हे सारे जानेवारीत उरकावे; मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संगणकाचे झाकण उघडू नये.