उरलेल्या अंशाची चिंता आणि यीस्टचा धडा

ब्रिटनमध्ये मायटोकॉन्ड्रिया-दानाच्या तंत्राने आठ बाळे जन्मल्याचे न्यूकॅसलच्या संशोधकांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. या तंत्रात बाळाला आईच्या सदोष मायटोकॉन्ड्रियांऐवजी दात्या स्त्रीचे निरोगी मायटोकॉन्ड्रिया मिळतात. सहा बाळांत सदोष डीएनए ९५ ते १०० टक्क्यांनी, तर दोघांत ७७ ते ८८ टक्क्यांनी कमी आढळला. मग उरलेल्या अंशाची चिंता कशाला?

उत्तर पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सापडते. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए सुमारे ८५ हजार अक्षरांचा. माणसाचा १६,५६९ अक्षरांचा. यीस्टमध्ये जिथून डीएनएची प्रत निघायला सुरुवात होते, तिथले छोटे क्रम फारसे न बदलता टिकून आहेत. काही सदोष यीस्टमध्ये अशाच तुकड्यांची माळ उरते, कामाची जनुके नसतात. तरी निरोगी यीस्टशी संकर केला, की जवळपास सगळी संतती सदोष निघते. प्रती काढण्याच्या शर्यतीत ही माळ पुढे जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

माणसातही प्रत सुरू होण्याच्या जागेजवळ असे टिकून राहिलेले क्रम आहेत. प्रयोगशाळेतील काही मानवी पेशींत आईचा डीएनए पुन्हा वरचढ झाल्याचे २०१६ मध्ये दिसले. संशोधकांनी संशय घेतला तो याच क्रमांतील फरकांवर.

म्हणूनच दात्या स्त्रीची निवड करताना हे क्रम जुळवून पाहणे आणि बाळांची वर्षानुवर्षे तपासणी करणे महत्त्वाचे ठरते. या तंत्राने धोका कमी होतो. तो संपला, असे आज म्हणता येत नाही.