तापमान बघून बॅग भरू नका

मे महिन्याच्या सुट्टीत मालवण, गुहागर किंवा गोव्याचं बुकिंग झालेलं असतं आणि निघायच्या आदल्या रात्री घरोघरी मोबाइलवर हवामान बघितलं जातं. मालवण, कमाल 33. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना हा आकडा बघून हसूच येतं. आपण 45 काढणारी माणसं, 33 ते काय! मग बॅगेत जीन्स जाते, फोटोसाठी घेतलेले झुळझुळीत कुर्ते जातात, बूट जातात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तारकर्लीच्या वाळूत हीच मंडळी पाठीला चिकटलेला शर्ट दोन बोटांनी सोडवत उभी असतात.

त्यांचा हिशेब चुकतो तो एका जागी. अंगाला गार करतं ते घामाचं वाळणं. नुसता घाम येऊन काही होत नाही. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून जमिनीवर पडला तर फुकट गेला. नागपुरात मे महिन्यात दुपारची आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे घाम आला कधी नि गेला कधी ते कळत नाही. किनाऱ्यावर हवेतच पाणी भरलेलं. ती तुमचं पाणी कुठे घेणार? विदर्भात घराघरांत डेझर्ट कूलर असतो आणि रत्नागिरीत तो कुणी घेत नाही, त्याचं कारण हेच. आपलं शरीर म्हणजे असाच एक कूलर आहे आणि किनाऱ्यावर तो अर्ध्या ताकदीवर चालतो.

म्हणून देशावरून, विदर्भ-मराठवाड्यातून किनाऱ्याकडे निघालेल्यांना माझं सांगणं असं, की प्रत्येक कपडा बॅगेत टाकण्याआधी एकच बघा : हा वाळतो किती लवकर? अंगावर असताना, आणि धुऊन दोरीवर टाकल्यावरही.

‘सुती घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. जीन्सही सुतीच असते. तिचं कापड एका चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅम भरतं, टीशर्टचं होजिअरी 160 ते 200 आणि मलमल 100च्या आतच. तिन्ही कापूसच, पण जीन्स एकदा भिजली की कोकणात दोन दिवस दोरीवर लोंबते आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारते. जाड होजिअरीचा टीशर्टही घाम पितो आणि धरून ठेवतो. तेव्हा सुतीपेक्षा ‘पातळ सुती’ म्हणा आणि विणीने विरळ असलेलं बघा. मलमल, वायल, पातळ खादी, मंगलगिरी, हातमागाचे साधे कुर्ते. कापड उजेडासमोर धरलं की पलीकडचा उजेड जाळीसारखा दिसला पाहिजे. लिनन परवडत असेल तर उत्तम. ते चुरगळतं, चुरगळू दे. किनाऱ्यावर तुमची इस्त्री बघायला कुणी बसलेलं नाही.

दुकानात सांभाळून राहायचं ते रेयॉनपासून. ‘प्युअर कॉटन आहे ताई, हात लावून बघा’ म्हणत जो कुर्ता पुढे येतो तो पुष्कळदा रेयॉन असतो. हाताला गारही लागतो, त्यामुळे फसायला होतं. दोरा जाळून बघायची जुनी युक्ती इथे कामाची नाही. पॉलिएस्टरची गोळी होते म्हणून ते ओळखू येतं, पण रेयॉन कापसासारखंच कागद जळावा तसं जळतं. रेयॉन वाईट नाही, घाम टिपतंही बरं. मात्र पाणी फार पितं, ओलं झालं की जड होतं, ताकद गमावतं आणि पिळताना वेडंवाकडं ताणलं जातं. संध्याकाळी जेवायला जाताना घालायला एखादा असू दे. समुद्राजवळ नको.

पॉलिएस्टरला सरसकट शिव्या घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टेरिकॉटच्या बंद विणीच्या पँटी आणि चकचकीत शर्ट या हवेत खरोखर छळतात, त्यांना घरीच ठेवा. पण खेळाडू घालतात तो बारीक छिद्रांचा जर्सीचा टीशर्ट स्वतःत पाणी जवळजवळ धरतच नाही, झटकला की निम्मा वाळतो. दिवसभर घातला तर त्याला वास येतो हे खरं. पाण्यात उतरायला, होडीत बसायला, किल्ला चढायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

एक चाचणी घरच्या घरी करा. नेणार असाल ते कपडे निघण्याआधीच्या रविवारी संध्याकाळी धुवा, हाताने पिळा आणि बाथरूममध्ये दार लावून वाळत घाला. पंखा नाही, ऊन नाही. सकाळी जे कोरडे किंवा किंचित दमट लागतील ते बॅगेत. जे ओलेच राहतील ते कपाटात, मग ते कितीही आवडते असोत. घरातल्या तरुण मंडळींची यावर कुरकुर होईल. होऊ दे.

शिलाई सैल हवी, हे रंगापेक्षाही महत्त्वाचं. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात याचा अभ्यास 1980 साली ‘नेचर’मध्ये छापून आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, पण झगा मोकळा असल्यामुळे आत खेळणारी हवा ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच बाहेर नेते, असं त्यात दिसलं. आपल्याला काळं घालायचं नाही, पण आत हवा खेळली पाहिजे एवढं मात्र उचलायचं. नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या. लेगिंगऐवजी सुती सलवार किंवा पलाझो, घट्ट पँटीऐवजी नाडीचा पायजमा. रंगात म्हणाल तर फिका राखाडी आणि आकाशी टाळा, घामाचे डाग त्यांवर नकाशासारखे उमटतात. पांढरा किंवा बारीक छापाचा कपडा सगळं झाकून नेतो.

आता जरा खासगी बोलू, कारण सहलीचा विचका बहुतेक वेळा आतल्या कपड्यांनीच होतो. बाहेरचे तीन जोड पुरतील, आतले मात्र रोजचे दोन धरून न्या. अंघोळीनंतर एक आणि समुद्रावरून आल्यावर दुसरा. साधे सुती, रुंद पट्ट्याचे, आवळणार नाहीत असे. स्पंज लावलेली ब्रेसिअर दमट हवेत वाळत नाही, ती एखादीच ठेवा. परकराची नाडी ज्या जागी काचते तिथे घाम साचतो, खाज सुटते, कातडी काळवंडते. तेव्हा नाडी रुंद घ्या, सैल बांधा आणि रोज थोडी वर-खाली सरकवा. मांड्या एकमेकींना घासून सोलवटणं हा बायका आणि पुरुष दोघांचाही त्रास आहे, फक्त बोलत कुणी नाही. आत गुडघ्यापर्यंतची पातळ सुती चड्डी घातली की प्रश्न मिटतो. घामोळं आलं तर अंग कोरडं आणि मोकळं ठेवणं हाच पहिला उपाय. जांघेत गोल चकंदळ उठलं तर ते गजकर्ण असू शकतं. तिथे शेजाऱ्याने सुचवलेली किंवा औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेली स्टिरॉइडमिश्रित ट्यूब लावू नका. खाज चार दिवस थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. डॉक्टरांना दाखवा.

समुद्रात काय घालून उतरायचं, याचा विचार आपल्याकडे बॅग भरताना होतच नाही. वाळूत आल्यावर सगळ्यांना मोह होतो आणि ज्या कपड्यात असतील त्याच कपड्यात माणसं पाण्यात शिरतात. साडी आणि ओढणीत बायका, जीन्स दुमडून पुरुष. लाट परतताना भिजलेली साडी पायांभोवती गुंडाळते आणि गुडघाभर पाण्यातही तोल जातो. हे गमतीचं नाही. पाण्यासाठी एक जोड वेगळाच ठेवा : लायक्राची तीन-चतुर्थांश पँट आणि वर लांब, सैल जर्सीचा टीशर्ट. अंगप्रदर्शन होत नाही, पाय मोकळे राहतात आणि वर लाइफ जॅकेट नीट बसतं. ओढणी काठावरच ठेवा, जॅकेटच्या पट्ट्यांत नको. कोरडा पांढरा सुती टीशर्ट मुळात ऊन बेताचंच अडवतो, भिजल्यावर त्याहून कमी. तासन्‌तास पाण्यात खेळणाऱ्या मुलांच्या पाठी त्यातूनही भाजतात. त्यांना गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. आणि पाण्यातून बाहेर आली की गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे कपडे. खारट ओली चड्डी घालून जेवणाच्या टेबलावर तासभर बसलेलं पोर रात्री रडतंच.

टॉवेल! जाड टर्किश टॉवेल माणशी एक, असं गणित करून अर्धी बॅग भरलेली मी पाहिली आहे. आपल्याकडे पंचा असताना हे कशासाठी? पंचा घडी केली तर हातात मावतो, दोन तासांत वाळतो, डोक्याला गुंडाळता येतो, वाळूवर अंथरता येतो, गाडीतल्या एसीत खांद्यावर घेता येतो. माणशी दोन पंचे न्या. कोकणातले आजोबा दुपारी पडवीत उघड्या अंगाने, कमरेला पंचा लावून बसलेले दिसतात, त्यांना या हवेत राहण्याची अक्कल तुमच्याआमच्यापेक्षा जास्त आहे.

संध्याकाळसाठी पूर्ण बाह्यांचा एक पातळ शर्ट किंवा कुर्ता आणि पायभर पायजमा हवाच. माडा-पोफळीच्या बागेत दिवेलागणीला डास तुटून पडतात. हाच जोड देवळातही चालतो. मंगेशी, शांतादुर्गा, कुणकेश्वर, गणपतीपुळे अशा ठिकाणी जाणार असाल तर गुडघ्याच्या वरचे आणि बिनबाह्यांचे कपडे नकोत. दारातून परत फिरायची किंवा तिथे मिळेल ते गुंडाळून आत जायची वेळ येऊ नये.

पायांत बूट नकोत. मोजे ओले, बूट ओले, आणि चामड्यावर बुरशी. मागून पट्टा असलेली रबरी सँडल वाळूत, होडीत आणि कातळावर सगळीकडे चालते. नुसती स्लिपर लाटेत वाहून जाते. दुपारी अनवाणी वाळू तुडवायला जाऊ नका, तळवे पोळतात.

छत्री मात्र विसरू नका. टोपीखाली डोकं घामेजतं, छत्रीखाली वारा लागतो. शिवाय मेअखेरीस वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही. 2025 साली मान्सून 26 मे रोजीच मुंबईत पोचला होता, एरवीची तारीख 11 जून. त्या आठवड्यात कोकणात असलेल्यांना छत्री आणि लवकर वाळणारे कपडे दोन्ही उपयोगी पडले असणार. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर पातळ रेनकोटही टाका, त्याला जागा कितीशी लागते.

एकूण किती कपडे? चार दिवस असोत की आठ, बाहेरचे तीन जोड, पाण्याचा एक, झोपायचा एक. रोज संध्याकाळी अंघोळीबरोबर दिवसाचा जोड खळबळून टाकायचा, कपडे धुण्याची वडी, पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे सोबत ठेवायचे. न्याहारी-निवासाच्या घरात उतरलात तर मागच्या अंगणात दोरी असतेच, काकूंना विचारा, नाही म्हणत नाहीत. हॉटेलात उतरलात तर पंख्याखाली बांधा. खोलीत एसी असेल तर तोच हवेतला ओलावा ओढून घेतो, त्याच्यासमोर कपडे पटकन वाळतात. बाल्कनीच्या कठड्यावर रात्रभर टाकलेले कपडे मात्र सकाळी टाकले होते त्याहून ओले निघतात, त्या मोहात पडू नका.

परतीच्या सकाळी काहीतरी ओलं राहणारच. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी घालू नका; दहा तासांच्या प्रवासात त्याला असा वास लागतो की दोन धुण्यांत जात नाही, आणि शेजारच्या कोरड्या कपड्यांनाही लागतो. कापडी पिशवीत, तोंड उघडं ठेवून, बॅगेच्या बाहेर वेगळं ठेवा. गाडी स्वतःची असेल तर मागच्या सीटवर पसरा. घाट चढून वर आलात की कोरडी हवा लागेल, काच थोडी खाली करा, कराड येईपर्यंत वाळून निघेल.